गोळी तोंडात किती वेळ राहते, ते आधी पाहा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा सहा वर्षांचा, धाकटी तीन वर्षांची. शाळेजवळच्या दुकानातून मुलगा रोज नवीन काहीतरी घेऊन येतो. कधी बोटात घालायची अंगठीची गोळी, कधी तोंडात टाकल्यावर तडतडणारे खडे, कधी आत आंबट-खारट मसाला भरलेली कैरीची गोळी, कधी जीभ निळी करणारा लॉलीपॉप. पाकिटावर कुठे ‘फॅट फ्री’, कुठे ‘व्हिटॅमिन सी’ लिहिलेलं असतं. यात पोषण आहे का, मुलांना याचं एवढं वेड का, कोणती गोळी चालेल आणि कोणती बंद करावी, आणि वाढदिवसाला वर्गात काय वाटावं, हे तुम्हाला हवं आहे.

मी अन्नतंत्रज्ञ आहे. साखर उकळून कडक गोळ्या करणाऱ्या कारखान्यांत उत्पादन सांभाळलं, नव्या चवी आणि नवे आकार तयार करणाऱ्या विभागातही काम केलं. या गोळीत काय घालतात आणि ते का घालतात, दोन्ही जवळून पाहिलं आहे. त्यामुळे उत्तर जरा लांब होईल.

पोषणाचं आधी सांगून टाकते, कारण त्यात सांगण्यासारखं फारच थोडं आहे. कडक गोळी म्हणजे साखर आणि लिक्विड ग्लुकोज. लिक्विड ग्लुकोज म्हणजे बहुधा मक्याच्या स्टार्चपासून केलेला घट्ट पाक. या दोन्हींचं मिळून वजन गोळीच्या पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक भरतं. उरलेल्यात थोडं पाणी, आम्ल, रंग आणि सुगंध. शंभर ग्रॅम गोळ्यांत साधारण 390 किलोकॅलरी असतात आणि त्या सगळ्या साखरेच्या. प्रथिनं नाहीत, तंतू नाहीत, लोह-कॅल्शियम नाही. ‘फॅट फ्री’ हे खरं आहे, पण साध्या साखरेच्या पिशवीवरही ते तितकंच खरेपणाने छापता येईल.

‘व्हिटॅमिन सी’चा दावाही बहुतेक वेळा खोटा नसतो. पाक थोडा निवल्यावर त्यात ॲस्कॉर्बिक आम्ल मिसळतात, आधी घातलं तर उष्णतेने ते नासतं. पण मध्यम आकाराच्या एका पेरूत सहा वर्षांच्या मुलाला दिवसभर पुरून उरेल इतकं सी जीवनसत्त्व असतं, आणि सोबत तंतूही मिळतात. जीवनसत्त्वासाठी गोळी द्यायचं काहीही कारण नाही. त्या दाव्याचं खरं काम मुलाच्या हातात गोळी देताना आईच्या मनाला थोडी मोकळीक मिळवून देण्याचं आहे. मी ज्या बैठकांना बसले आहे, तिथे हे इतक्या उघडपणे बोललं जातं.

आता कॅलरी, म्हणजे रोजच्या बोलण्यात किलोकॅलरीच. रुपयाला मिळणारी साधी गोळी तीन-चार ग्रॅमची, म्हणजे बारा ते सोळा कॅलरीची. काडीवरचा लॉलीपॉप दहा-बारा ग्रॅमचा, पंचेचाळीसच्या आसपास. अंगठीची मोठी गोळी चौदा ग्रॅमपर्यंत जाते, म्हणजे पन्नास-पंचावन्न. एका पोळीतल्या कॅलरींहून हे कमीच. म्हणून ‘एका गोळीने काय होतंय’ म्हणणाऱ्या आजी-आजोबांचं कॅलरींच्या हिशेबात बरोबर आहे.

साखरेच्या हिशेबात मात्र तेवढं बरोबर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलं की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस यांतून येणारी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली असावी, आणि पाच टक्क्यांखाली आणता आली तर आणखी चांगलं. चार ते सहा वर्षांच्या मुलाची ऊर्जेची गरज आपल्याकडे सुमारे 1360 किलोकॅलरी धरतात. तिचे पाच टक्के म्हणजे सतरा ग्रॅम साखर. चौदा ग्रॅमची एक अंगठी ही सगळी जागा जवळजवळ एकटीच व्यापते. सकाळच्या दुधातली साखर, बिस्किटं, पोळीला लावलेला जॅम यांचं अजून नावही घेतलेलं नाही.

तरीही ताई, तुम्ही वजनावर अडकू नका. माझं मुख्य सांगणं वेगळंच आहे. कडक गोळीचं आकर्षण आणि तिचा तोटा दोन्ही एकाच गोष्टीतून येतात: ती तोंडात किती वेळ राहते. कारखान्यात आम्ही तेच तर वाढवत असतो. ते कसं करतो हे कळलं, की दुकानातल्या कुठल्याही नव्या गोळीबद्दल तुम्हाला स्वतःच निर्णय करता येईल. मला विचारायची गरज राहणार नाही.

घरी आपण एकतारी पाक करतो, दोनतारी करतो, लाडू-वड्यांसाठी गोळीबंद करतो. त्याच्याही पुढे, चिक्कीच्या पाकासारखा, पाण्यात थेंब टाकला की कडक होऊन कट्‌कन तुटेल इतका पाक उकळत न्यायचा. उघड्या कढईत हे तापमान 145 ते 150 अंश सेल्सिअस असतं. मोठ्या कारखान्यात निर्वात कुकर वापरतात, तिथे कमी तापमानात काम होतं. पाणी दोन-तीन टक्क्यांवर येतं. मग पाक झपाट्याने निववायचा, म्हणजे साखरेच्या कणांना रांगेत बसून स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही. लिक्विड ग्लुकोज त्यासाठीच असतं, ते स्फटिकांच्या आड येतं. तयार होते ती शास्त्राच्या भाषेत काच. खिडकीची काच आणि लिंबाची गोळी यांच्या आतली रचना एकाच जातीची, विस्कळीत पण घट्ट. म्हणून गोळी पारदर्शक दिसते, म्हणून तिचे तुकडे धारदार होतात आणि म्हणूनच ती जिभेवर हळूहळू, फक्त वरच्या थरातून विरघळते.

गुढीपाडव्याच्या गाठीशी तुलना करा. गाठीही निव्वळ साखरच, पण ती स्फटिकांची. चावली की भुगा होतो आणि क्षणात विरते. संक्रांतीच्या हलव्याचंही तेच. कडक गोळी तशी विरत नाही. चार ग्रॅमची गोळी चघळायला पाच-सात मिनिटं सहज लागतात. तेवढीच साखर चहात घालून प्यायलात तर ती काही सेकंदांत घशाखाली जाते.

पावसाळ्यात बरणीतल्या गोळ्या एकमेकींना चिकटतात तेही याच काचेमुळे, ती हवेतलं पाणी ओढून घेते. गोळीला घट्ट पिळलेला कागद असतो तो मुख्यतः दमटपणासाठी. चिकटलेली गोळी सडलेली नसते, पण ती दातांना जास्त धरून बसते, म्हणून मुलांना ती नकोच.

आता आकर्षणाकडे येते, कारण आम्हा लोकांची खरी बुद्धी तिथे लागते.

गोडाची ओढ जन्मजात आहे. ती शिकवावी लागत नाही. पण नुसता गोडवा फार टिकत नाही, कारण जीभ त्याला सरावते. पहिल्या मिनिटात जितकं गोड लागतं तितकं चौथ्या मिनिटाला लागत नाही. मग गोळीत मध्येच काहीतरी बदललं पाहिजे. आतला मसाला त्यासाठीच असतो. 2015 साली डीएस ग्रुपने ‘पल्स’ नावाची कच्च्या कैरीची गोळी बाजारात आणली, किंमत एक रुपया. बाहेर कैरीची आंबट-गोड काच, पोटात खारट-मसालेदार भुकटी. चघळता चघळता भिंत पातळ होते आणि अचानक मीठ-मसाला जिभेवर येतो, जीभ पुन्हा जागी होते. पहिल्या आठ महिन्यांतच तिची विक्री शंभर कोटींवर गेल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. या धंद्यातल्या आम्हा सगळ्यांना तो धडा होता. जाहिरातीपेक्षा चवीची रचना जिंकली. कैरीला तिखट-मीठ लावून खाणं आपल्या लोकांच्या आठवणीत इतकं खोल बसलेलं आहे, की त्यासाठी परदेशी फळाची चव आणायची गरजच नव्हती.

त्याआधीच्या पिढीत आपल्या महाराष्ट्राने हेच रावळगावच्या रूपात पाहिलं. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावला उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी 1933 साली उभ्या केलेल्या ऊस-साखरेच्या कारभारातून पुढे गोळ्यांचा कारखाना निघाला. ‘पान पसंद’ ही त्यांचीच. विड्याची चव, पण विडा नाही. लहान मुलांना पान खायला मिळत नसे, म्हणून ती गोळी मोठं झाल्याचा आनंद देत असे. 2024 मध्ये या गोळ्यांची नावं रिलायन्सने विकत घेतली, तेव्हा कित्येकांनी हळहळ व्यक्त केली. ती हळहळ चवीची होती तितकीच बालपणाचीही, आणि ती मला अगदी खरी वाटते. आकर्षण म्हणजे फसवणूकच, असं मी मुळीच मानत नाही. नीट केलेली गोळी ही कौशल्याची वस्तू आहे.

आंबटाचं प्रकरण आणखी वेगळं. तुम्हाला-मला तोंड वाकडं करायला लावणारी गोळी मुलं हसत हसत मागतात, आणि त्यात कसलाही हट्टीपणा नाही. लिएम आणि मेनेला या संशोधकांनी 2003 साली पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या आंबटपणाची जेली चाखायला दिली. जवळपास एक तृतीयांश मुलांनी सर्वांत आंबट तीच पसंत केली, त्यांच्या आयांपैकी जवळजवळ कुणीही नाही. या वयात जोरकस आंबट खरोखरच आवडतं. चिंचा-बोरं-आवळे चोरून खाणाऱ्या आपल्या पिढीने ते वेगळ्या शब्दांत सिद्ध केलेलंच आहे. कारखान्यात यासाठी दोन युक्त्या असतात. सायट्रिक आम्ल पटकन चटका देऊन ओसरतं, मॅलिक आम्लाचा आंबटपणा रेंगाळतो. दोन्हींचं मिश्रण करतात. आणि जास्त जहाल हवं असेल तर आम्ल गोळीच्या आत न घालता साखरेबरोबर बाहेरून पेरतात, म्हणजे पहिल्या अर्ध्या मिनिटातच सगळा मारा होतो.

मग येते ती दाखवायची हौस. निळी जीभ आरशात पाहायची नसते, मित्राला दाखवायची असते. बोटातली अंगठी, गळ्यातली माळ, ओठांना लावायची लिपस्टिक, फुंकायची शिट्टी, या सगळ्यांत गोळी तीच, विकत घेतलेली आहे ती मिरवण्याची संधी. आपल्याकडे ही कल्पना जुनीच आहे. पहिल्या संक्रांतीला सुनेला हलव्याचे दागिने घालतात, बाळाचं बोरन्हाण करतात. साखर अंगावर मिरवायचा तो सोहळा वर्षातून एकदाच येतो आणि त्या दागिन्यांतला एखादा दाणा तोंडात जातो. अंगठीची गोळी अमेरिकेत टॉप्स कंपनीने 1970 च्या दशकात काढली. अंगठा चोखणाऱ्या मुलीची सवय सुटावी म्हणून कंपनीतल्याच एका वडिलांना ती सुचली, अशी तिची जन्मकथा सांगतात. सवयीच्या जागी सवय बसली, एवढंच मी म्हणेन.

तडतडणाऱ्या खड्यांबद्दल तुम्ही विशेष काळजीने लिहिलं आहे, ‘यात कसलं केमिकल असेल’ म्हणून. त्यात कार्बन डायऑक्साइड असतो, सोड्याच्या बाटलीत असतो तोच. अमेरिकेतल्या जनरल फूड्स या कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ विल्यम मिचेल यांनी ही पद्धत शोधली, तिचं पेटंट 1961 चं आहे आणि माल 1970 च्या दशकाच्या मध्याला बाजारात आला. वितळलेल्या साखरेत हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे चाळीसपट दाबाने वायू कोंडतात, दाब तसाच ठेवून पाक थंड करतात. साखरेची काच घट्ट झाली, की बारीक बुडबुड्यांत वायू अडकतो. जिभेच्या ओलाव्याने भिंत पातळ झाली की तो बुडबुडा फुटतो. तुम्हाला ऐकू येतो तो आवाज बराचसा दात आणि जबड्याच्या हाडांतून कानापर्यंत पोचतो, म्हणून मुलाला तो बाहेर ऐकू येतो त्यापेक्षा मोठा वाटतो. हे खडे शीतपेयाबरोबर खाऊन एक मुलगा दगावला, अशी अफवा अमेरिकेत इतकी पसरली की 1979 मध्ये कंपनीला वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन आणि शाळांच्या मुख्याध्यापकांना पत्रं लिहून खुलासा करावा लागला. असं काही घडलेलं नव्हतं. एका पाकिटातला वायू शीतपेयाच्या एका डब्यातल्या वायूपेक्षा कितीतरी कमी असतो. खडे डोळ्यांत जाऊ नयेत आणि अगदी लहान बाळाच्या हाती लागू नयेत, एवढी काळजी पुरे.

आणि आता उलटं वाटेल असं सांगते. तुमच्या यादीतली सर्वांत भीतिदायक वाटणारी तडतडी गोळी दातांच्या दृष्टीने सर्वांत कमी त्रासाची आहे, आणि सर्वांत निरागस दिसणारी अंगठी सर्वांत वाईट.

कारण पुन्हा वेळच. दातांवरच्या थरात राहणारे जिवाणू साखर खाऊन आम्ल करतात. तोंडातला सामू, म्हणजे पीएच (तो जितका कमी तितकं आम्ल जास्त), साडेपाचच्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातली खनिजं विरघळू लागतात. साखर थांबली की लाळ हळूहळू तो परत वर आणते, याला वीस मिनिटं ते अर्धा-पाऊण तास लागतो. रॉबर्ट स्टीफन यांनी 1940 च्या दशकात या चढउताराचे आलेख काढले, दंतवैद्यकात ते आजही शिकवतात. तडतडे खडे मिनिटभरात संपतात, म्हणजे सामू एकदाच खाली जातो, मग लाळेचं काम सुरू. अंगठीचं काय होतं? मूल दोन मिनिटं चोखतं, खेळतं, पुन्हा चोखतं, अभ्यास करताना पुन्हा. लाळ दाताला सावरत असतानाच पुढचा मारा. तीच चौदा ग्रॅम साखर जेवणानंतर एका वाटी शिऱ्यातून गेली असती तर एवढा त्रास झाला नसता. वर ती अंगठी मधल्या वेळात टेबलावर, खिशात आणि मातीतही जाऊन येते.

याचा सर्वांत ठोस पुरावा स्वीडनमधल्या लुंड शहरातल्या व्हिपेहोल्म संस्थेतून आला. 1945 नंतरच्या काही वर्षांत तिथल्या मतिमंद रहिवाशांना मुद्दाम वेगवेगळ्या प्रकारे साखर खायला घातली. ज्यांनी संमतीही दिली नव्हती अशा माणसांचे दात त्यात किडवले गेले. तो प्रयोग अत्यंत अन्यायाचा होता आणि त्याचा निष्कर्ष सांगताना हे सांगणं मला आवश्यक वाटतं. जेवणाबरोबर साखर घेतलेल्यांच्या दातांचं नुकसान तुलनेने थोडंच झालं. जेवणांच्या मध्ये, पुन्हा पुन्हा, दाताला चिकटून राहणारी टॉफी खाणाऱ्यांचे दात झपाट्याने किडले. किती खाल्लं याला महत्त्व आहेच, पण केव्हा आणि कितीदा खाल्लं याला त्याहून अधिक.

आंबट गोळीत याच्यावर आणखी एक भर पडते. जिवाणूंनी आम्ल करायची वाट पाहायची गरजच नसते, आम्ल आयतंच आलेलं असतं. जहाल आंबट गोळ्यांचा सामू तीनच्या आसपास, काहींचा त्याहूनही खाली असतो. दुधाच्या दातांचं कवच मुळात पातळ. मुलगा अशी गोळी गालात धरून बसत असेल तर त्या बाजूची दाढ बघा. आणि आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करू देऊ नका. मऊ पडलेलं कवच घासलं जातं. आधी साध्या पाण्याने खळखळून चूळ, अर्ध्या तासाने ब्रश.

रंगांबद्दल लोक दोन टोकांना जातात, म्हणून थोडं सविस्तर. पाकिटावर 102, 110, 122, 124, 133 असे आकडे असतात. अनुक्रमे टारट्राझिन, सनसेट यलो, कार्मोझिन, पोन्सो फोर आर आणि ब्रिलियंट ब्लू. भारतात हे रंग चालतात, मर्यादा किलोमागे शंभर मिलिग्रॅम. म्हणजे चार ग्रॅमच्या गोळीत जास्तीत जास्त 0.4 मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलासाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेल्या रोजच्या सुरक्षित मर्यादेच्या हे कितीतरी खाली आहे. दुसऱ्या बाजूला, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या 2007 च्या अभ्यासात काही रंगांच्या मिश्रणानंतर काही मुलांच्या चंचलतेत लहानशी वाढ दिसली आणि 2010 पासून युरोपात सहा रंगांसाठी पाकिटावर तशी सूचना छापावी लागते. नुसत्या साखरेने मूल उधळतं ही समजूत मात्र तपासात टिकली नाही, 1995 साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. वाढदिवसाच्या गर्दीत मुलं उधळतात ती गर्दीमुळे.

माझी खरी भीती पाकीटबंद गोळीच्या रंगाची नाही. बिनछाप, सुट्या, जत्रेत किंवा गाड्यावर मिळणाऱ्या भडक मालाची आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये तमिळनाडूने म्हातारीच्या कापसावर बंदी घातली, कारण नमुन्यांत रोडामिन बी हा कापड रंगवायचा रंग सापडला होता. तो खाद्यरंग नाहीच. म्हणून पाकिटावर कंपनीचं नाव-पत्ता, तारीख आणि एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा आकडी परवाना क्रमांक नसेल तर ती गोळी कितीही सुंदर दिसो, घरात येऊ देऊ नका. हा एक नियम मी माझ्या घरात कधी सैल केला नाही.

धाकटीबद्दल मात्र मी अगदी कडक बोलणार आहे. तीन वर्षांच्या मुलीला कडक गोल गोळी द्यायची नाही. भावाने दिलेली नाही, पाहुण्यांनी दिलेली नाही, अर्धी चघळून बारीक केलेलीही नाही. या वयात श्वासनलिका अरुंद, मागच्या दाढा पुरत्या कामाला लागलेल्या नाहीत, आणि ओली झालेली गोल गोळी घशात सरकायला एक हसू किंवा एक धाव पुरते. चार वर्षांपर्यंत नाहीच, त्यानंतरही बसून, गप्पा-धावपळ न करता. गाडीत मागच्या सीटवर गोळी देणं टाळा, कारण तुमचं लक्ष रस्त्यावर असतं. गोळी अडकून मूल खोकत असेल, रडत असेल तर त्याला खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा. नाही निघालं तर मागून धरून बेंबीच्या वर, आत आणि वर असे पाच झटके, आळीपाळीने हेच चालू ठेवायचं, आणि दुसऱ्या कुणाला तरी 108 लावायला सांगायचं. एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर झटके देत नाहीत, पाठीवर थापा आणि छातीवर दाब देतात. घशात दिसत नसलेली वस्तू बोट घालून काढायला जाऊ नका, ती आणखी खाली जाते.

मग मुलाला द्यायचं काय? बंदी घालू नका असं मी म्हणेन. घरात बंद केलेली गोळी दुकानामागे उभं राहून खाल्ली जाते, आणि तिथे चूळ भरायला पाणी नसतं. गोळीची जागा बदला. शाळेतून येतायेता नाही, जेवण झाल्यावर. जेवताना लाळ भरपूर सुटलेली असते, पोट भरलेलं असतं, दुसरी गोळी मागायची इच्छा कमी असते. काडीची किंवा अंगठीची घेण्याऐवजी लहान, तीन-चार ग्रॅमची घ्या आणि ती एका बैठकीत संपू द्या. चावून लवकर संपवायला सांगू नका, काच चावताना दात किंवा दातात भरलेली चांदी तुटल्याच्या तक्रारी दंतवैद्यांकडे नेहमीच्याच. मग पाणी. झोपण्यापूर्वी कधीच नाही, कारण झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि तोंडात राहिलेली साखर रात्रभर तशीच. अंगठीची फारच हौस असेल तर जत्रेला, सणाला आणा, आणि ‘आत्ता खा, उरलेली टाकून देऊ’ हे विकत घेण्याआधीच ठरवा. आधी ठरवलेलं मुलं बऱ्यापैकी पाळतात.

शुगरफ्री गोळ्या मोठ्यांसाठी ठीक, दाताला बऱ्या. पण त्यांतल्या सॉर्बिटॉल, आयसोमाल्ट या साखरेऐवजी घातलेल्या गोड पदार्थांनी मुलांचं पोट पटकन बिघडतं, जास्त गोळ्या खाल्ल्या तर जुलाब होऊ शकतात. आणि घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल हा तसाच गोड पदार्थ असलेली गोळी त्याच्या तोंडी लागू देऊ नका, कुत्र्यांना ते विषारी आहे.

तुमच्या सासऱ्यांना मधुमेह आहे आणि ते साखर उतरली तर म्हणून खिशात पेपरमिंट ठेवतात, असंही तुम्ही ओघात लिहिलं आहे. सवय चांगली, वस्तू चुकीची. साखर उतरते तेव्हा ती काही मिनिटांत रक्तात पोचायला हवी आणि कडक गोळी मुळात हळू विरघळण्यासाठीच बनवलेली असते. एका गोळीत साखरही जेमतेम तीन-चार ग्रॅम, हवी असते सुमारे पंधरा. त्यांच्याकडे ग्लुकोज पावडरची छोटी पुडी द्या, ती अर्धा पेला पाण्यात टाकून शुद्धीवर असताना प्यायची. त्यांची शुगरफ्री पेपरमिंट असेल तर तिचा अशा वेळी काहीच उपयोग नाही, हे त्यांना नक्की सांगा.

वाढदिवसाला वर्गात वाटायचं असेल तर मी शेंगदाण्याच्या चिक्कीचे छोटे, वेगवेगळे गुंडाळलेले तुकडे सुचवेन. तीही गुळाच्या कडक पाकाचीच असते आणि दाढेला चिकटते, ते खोटं सांगणार नाही, पण तिच्यात शेंगदाण्याची प्रथिनं आणि स्निग्धांश आहे, आणि ती चावून दोन मिनिटांत संपते. फक्त आधी वर्गशिक्षिकांना विचारा, कुणा मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का. असेल तर राजगिऱ्याची वडी घ्या. ती दाताखाली चुरते, घशात गोल सरकत नाही आणि पहिलीतल्या मुलांना चावायला सोपी जाते. वाटायची वेळ मधल्या सुट्टीच्या डब्यानंतरची ठेवायला सांगा. शिक्षिका सहसा हरकत घेत नाहीत, त्यांनाही तास सुरू असताना चिकट हात नकोच असतात.